खांड बुजवताना

बांधाला पडलेली खांड आता दाराएवढी उरली होती. दोन्ही अंगांनी बांध पुढे सरकत होता, बायका-पुरुष रांगेने चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होते आणि मधल्या फटीतून शेतातलं खारं पाणी खाडीकडे परत जात होतं. ओहोटी संपत आली होती. नेमकी तेव्हाच भागूबाई त्या फटीत जाऊन उभी राहिली.

लुगडं वर खोचलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, दोन्ही हातांत दोन्हीकडचे बांबू घट्ट. तिला धरून ओढायला कोणी धजेना.

"वयनी, भायेर ये," हरेश्वर म्हणाला. हा तिचा धाकटा दीर. जूचंद्रच्या खाडीकाठचा हा बांध पुन्हा उभा करायचं काम गावाने त्याच्या गळ्यात घातलं होतं. "पानी फिरलं का मंग आपल्या हातात काय नाय."

"आजची एक भरती जाव दे, भावजी."

"काल पन तू हेच बोललीस."

"काल तो आयला नाय. आज येल."

तो म्हणजे दिनानाथ, तिचा मुलगा. जुलैच्या पुरात घराघरांत पाणी चढलं, तेव्हा तो बांधातल्या दाराच्या फळ्या उचलायला धावला होता, पावसाचं पाणी खाडीत सुटावं म्हणून. फळ्यांना हात लागायच्या आधीच पायाखालचा बांध गेला आणि बांधाबरोबर दिनानाथही गेला. अजून सापडला नव्हता. खाडी माणसाला ज्या वाटेने नेते त्याच वाटेने परत आणून देते, हे या काठावर पोराटोरांनाही ठाऊक असतं. भागूबाईला ते तिच्या सासूने सांगितलं होतं. हरेश्वरलाही त्याच बाईने, म्हणजे त्याच्या आईने सांगितलं होतं. त्यामुळे वहिनीला खोटं पाडायची त्याची हिंमत होत नव्हती.

पण खारं पाणी कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. दिवसातून दोनदा ते शेतात शिरत होतं. जमिनीत एकदा खार मुरला की पुढची काही वर्षं भाताचं नाव काढायला नको. सरकारी साहेब येऊन बांध बघून गेले होते, जाताना शहाळ्याचं पाणीही पिऊन गेले होते, त्यापुढे काही झालं नव्हतं. म्हणून गाव स्वतःच चिखलात उतरलं होतं. भांगाचे, म्हणजे पाणी नरम असण्याचे दिवस आज संपत होते. अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली नसती तर पेंढा, बांबू, चिखल, सगळं मुसळ केरात गेलं असतं.

"एका म्हातारीपायी आख्ख्या गावानं उपाशी मराचा काय?" रांगेतून कोणीतरी पुटपुटलं. हरेश्वरने रागाने तिकडे पाहिलं. मग खाडीकडे पाहिलं. त्याला दिनानाथ लहानपणापासून आपल्या खांद्यावर बसलेलाच आठवत होता. तो हळूच म्हणाला, "बरा, येक भरती..."

"काका, बंद करा."

रीमा बोलली होती. दिनानाथची बायको, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. ती बायकांच्या रांगेत उभी होती, हातात चिखलाचा गोळा तसाच होता.

भागूबाई कडाडली, "तू बोलतंस ह्या? तुझा नवरा हाय तो!"

"म्हणूनच बोलते." रीमा रांगेतून पुढे आली. "आई, तो यावा म्हणून तुम्ही रोज भरतीला इथे बसता. मी पण तुमच्या शेजारी बसते. पण मी काय मागते माहितीय? देवा, आज नको येऊ देऊ त्याला. इथून आला तर कसा येईल तो, सांगा ना! आणि नाही आला तर कुठेतरी असेल. पलीकडे भाईंदरला लागला असेल, कोणी बोटीत घेतला असेल. बंद करा हो काका. पाया पडते तुमच्या."

त्याला कोणी बोटीत घेतलेलं नाही, हे रांगेतल्या प्रत्येकाला कळत होतं.

भागूबाई सुनेकडे बघत राहिली. मग तिने एकेक करून दोन्ही बांबू सोडले आणि कोणाचा हात न धरता बाहेर आली.

पेंढ्याचे भारे पडले, त्यावर चिखल पडला. माणसं पायांनी तुडवू लागली. सगळ्यांत जोराने रीमा तुडवत होती. संध्याकाळी भरती भरली. पाणी बाहेरच्या अंगाने चढत बांधाच्या माथ्याच्या वीतभर खाली येऊन थांबलं, पण आत एक थेंब आला नाही. बांध धरला होता. एरवी अशा वेळी आरोळ्या उठतात. आज हरेश्वरने गुपचूप नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले आणि माणसं हात-पाय धुवायला निघाली.

तेवढ्यात भागूबाई बांधावर चढली. पाण्याकडे तोंड करून, शेतावरच्या माणसाला जेवायला हाक मारावी तशी ती मोठ्याने ओरडली, "दिनाऽ! इथशी नको येव रं बाला! वाट बुजवली! धक्क्यावरशी ये!"

माणसं जागच्या जागी थांबली. हरेश्वरने मान खाली घातली.

"धक्क्यावरशी ये रंऽ..."

रीमा धावत वर गेली आणि चिखलाने भरलेल्या हाताने तिने सासूचं तोंड दाबून धरलं.