पदरातले मुरमुरे

वैशाखरे गावातल्या बचत गटाच्या बायका हर्णैला डॉल्फिन बघायला निघाल्या, तेव्हा कमळने पदराला मुरमुरे बांधून घेतले. गावच्या देवाच्या डोहात मुरमुरे टाकले की मासे हाताशी येत, कारण तिथे कुणी गळ टाकत नसे की आरडाओरडा करत नसे.

इथे समुद्रात जरा कुठे डॉल्फिनची पाठ दिसली की बायका किंचाळत, होडीवाला होडी तिकडे पिटाळी आणि पाठ बुडून जाई. कमळचा जीव थाऱ्यावर राहीना.

"इंजिन बंद कर रे जरा!"

त्याने केलं. होडीच्या मागच्या टोकाला, कमळच्या अगदी हाताशी पाणी हलकेच फुटलं. डॉल्फिन आई होती, कुशीला पिल्लू.

"काय दिसला का गो, कमळे?" पुढून बायका ओरडल्या.

कमळ पटकन बायकांकडे वळून त्या दोघांच्या आड उभी राहिली.

"नाय गो. इथं कायच नाय."