चांदणीचं खाणं

कोलशेतच्या आनंदाची वरातीची घोडी, चांदणी, कित्येक महिने पुढच्या खुरांनी लंगडत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे चणे आणि गूळ कायमचे बंद केले. वाळलेलं गवत आधी पाण्यात भिजवायचं, साखर उतरलेलं ते पाणी ओतून टाकायचं आणि मगच गवत घालायचं, असं त्यांनी बजावलं. आनंदाची बायको शालू हे सगळं न चुकता करू लागली. नळाला पाणी येवो न येवो, घोडीचं पिंप भरलेलं असायचं.

पावसाळा सरता सरता डॉक्टर पुन्हा आले. चांदणी अंगणात चारही पाय नीट टेकवत फिरत होती.

"कमाल केलीत, वहिनी! काय काय देता हिला?"

शालूने एका दमात सगळं सांगितलं. गवत किती वेळ भिजवते, खुरांसाठी दिलेली औषधाची पावडर कशात कालवते, रात्रीसाठी किती ठेवते.

डॉक्टरांनी तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"आणि तुम्ही काय खाता?"

शालू आठवू लागली.



आनंदाचं तेरावं झाल्यापासून तिने घरातला गॅस पेटवलाच नव्हता.