माळेखालची गोष्ट

पनवेल कोळीवाड्यातल्या प्रांजलनं शिंपल्यांच्या माळा आणि शिंपले जडवलेल्या कुर्त्यांचं दुकान फेसबुकवर उघडलं, आणि फोटोखाली लिहायचं काम आजोबांना दिलं. थापा मारण्यात काशिराम आजोबा तालुक्यात पहिले. 'ही माळ कर्नाळ्याच्या सुळक्यावर वाळत घातली होती. गरुडानं आधी स्वतःच्या गळ्यात घालून पाहिली.' लोक हसत आणि माळा घेत.

हे सगळं बनवणारा प्रांजलचा बाप हितेश खाटेवर बसून असे. "माजं रडगानं लावून विकू नका," असं त्यानंच बजावलं होतं. पण एका बाईंनी फोटोखाली विचारलं, "हे बनवतं कोण?" तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाबा, आज माजं नाव टाक."

आजोबांनी पहिल्यांदाच खरं लिहिलं. माझा मुलगा हितेश बनवतो, बोटीच्या पंख्यात त्याचे दोन्ही पाय गेले. वर देवाची शपथही घेतली.

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "आजोबा, ही थाप सगळ्यात भारी! पाय माशानं गिळले म्हणा की!"

आजोबांना मान वर करवेना. हितेशनं मोबाइल मागून घेतला, दोनदा वाचलं.

"नाव राहू दे," तो म्हणाला. "आन् लिव, माशानंच गिलले. पन हात सोडले मेल्यानं."