पेटी गार लागतेय

आईच्या पोटाऐवजी गर्भपेटीत वाढणारं सहा महिन्यांचं बाळ कालपासून हललं नव्हतं. पडद्यावर तापमान नेमकं सदतीस अंश दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, झोपलं असेल. पण बाळाच्या आईने, अरुंधतीने, काचेवर तळवा टेकवला, मग शेजारच्या पेटीवर टेकवला आणि तंत्रज्ञ नदाफांना बोलावलं.

"भाऊ, आमची पेटी गार लागतेय."

नदाफांनी तिची समजूत घातली नाही. ते सरळ पेटीमागे वाकले. काल पेटी खिडकीकडे हलवताना कुणीतरी सेन्सरची तार दहा मीटर वाढवली होती.

"ताई, सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो. यंत्र तो रोध मोजूनच तापमान ठरवतं. त्यात आता या तारेचाही रोध मिसळला. यंत्राला वाटलं, ऊब जास्त आहे. त्यानं हीटर कमी केला."

त्यांनी दोनऐवजी चार तारा जोडल्या. दोन वीज नेणाऱ्या, दोन फक्त मोजणाऱ्या, म्हणजे तारेचा रोध मापात येणार नाही. पडद्यावर साडेपस्तीस उमटलं आणि हीटर सुरू झाला.

काल आणखी तीन पेट्या हलवल्या होत्या. नदाफ लगेच तिकडे गेले. ते तिसरीच्या तारा जोडत असताना अरुंधतीची हाक आली, "भाऊ, हललं! पाय झाडला!"

नदाफांनी वर पाहिलं नाही. फक्त हात थोडा वेळ थांबवले, आणि उरलेला स्क्रू पिळला.