लेकीची कासवं

नऊ वर्षांची लेक तापाने गेली, तेव्हापासून तिची कासवाची दोन्ही पिल्लं आईच्या हातून एक दाणा घेईनात. आईने पाणी बदललं, ऊब देणारा दिवा लावला, तरी ती अंग चोरून तळाशीच बसायची. महिन्याभरात खंगायला हवी होती. उलट बाळसं धरत होती.

“जास्त घालू नकोस गं,” वडील म्हणाले. “पाणी गढूळ होतं म्हणून ती मला ओरडायची.”

“मी कुठे घालते? हात टेकले मी. आठवडाभर डबाही उघडला नाही.”

दोघं टाकीपाशी आले. पिल्लं वर आली होती. लेकीच्या रिकाम्या खुर्चीकडे माना ताणून ती काहीतरी चावत होती.

आई जमिनीवर बसली. “बाळा,” ती कुजबुजली, “आणि तू जेवलीस का?”

चावणं थांबलं. कुणी चालत येताना बघावं तशा दोन्ही माना हळूहळू वळत गेल्या आणि आईच्या मांडीकडे स्थिरावल्या.