माहितीपत्रक

दुकानावरची ‘चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही’ ही पाटी माझ्याच अक्षरातली. वजन उतरवायच्या इंजेक्शनसाठी गिऱ्हाइकं हातापाया पडली, तरी मी बधलो नाही. ताईपुढे मात्र विरघळलो. लेकीच्या लग्नाआधी तिला बारीक व्हायचं होतं. वाचून घाबरेल, म्हणून खोक्यातलं माहितीपत्रक मी काढून घेतलं. “अरे, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही,” ती फोनवर म्हणाली. “म्हणजे लागू पडतंय! सोस जरा.” मी हसलो. पाचव्या दिवशी दवाखान्यात तिनं प्राण सोडला. डॉक्टरांनी दुष्परिणाम सरकारला कळवायचा फॉर्म दिला, तो दाजींनी माझ्याकडे सरकवला. “तूच भर, तुला यातलं कळतं.” ‘औषध कुणी दिलं?’ या रकान्याशी पेन अडलं. “शेवटपर्यंत तिनं नाव नाही सांगितलं,” दाजी म्हणाले. “त्या नालायकानं खोक्यात कागदसुद्धा ठेवला नव्हता.” मी खिशातून ते माहितीपत्रक काढून त्यांच्या हातात ठेवलं.