बाभळीआड

“हेल्मेट काढू नगं अक्का, वेणी दिसंल.” चाळीस वर्षांपूर्वीचा धाकट्या बिरुदेवचा तो आवाज बनाबाईच्या कानात अजून ताजा होता. बायकांना मज्जाव असलेली मोटरसायकलींची मोटोक्रॉस शर्यत तिनं तापानं फणफणलेल्या भावाच्या नावानं मारली होती. शर्यत संपताच बाभळीआड तिनं हेल्मेट उतरवलं, त्यानं ते चढवलं आणि ढाल घेतली. जिल्ह्यातला पहिला विजेता म्हणून नाव त्याचंच राहिलं. आज सोलापुरात त्याच्या सत्काराला ती पहिल्या रांगेत बसून सवयीनं टाळ्या वाजवत होती. फेटेवाला पुढं येताच बिरुदेवनं त्याचा हात धरला. “ह्यो अक्काला बांधा.” “मावशींना खण-नारळ ठेवलाय की,” संयोजक हसून म्हणाले. बनाबाईची टाळी हवेतच थिजली. बिरुदेवनं माईक जवळ ओढला. “एवढी वरसं मी गप बसलो. त्या दिशी हेल्मेटमधी वेणी हुती, माझ्या अक्काची.”